उलट बाजूचा नारळ

‘सर, तुमचं अगदी बरोबर आहे,’ असं कुणी म्हटलं की आमच्या मास्तरांचा चेहरा पडायचा. चहात माशी सापडावी तसा. मग ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत आणि म्हणत, ‘बरोबर आहे ना? मग आता उलट बाजूने बोल.’

उलट बाजूने बोलायचं म्हणजे आपण आत्ताच जे बोललो ते कसं साफ चूक आहे, हे निदान तीन वाक्यांत पटवून द्यायचं. त्यातून सुटका नसे. भर वैशाखात ‘काय उकडतंय, मास्तर’ एवढंच सहज म्हणून गेलेला पोस्टमन घामाने निथळत, आजची हवा किती आल्हाददायक आहे हे सांगताना मी पाहिला आहे. तिसऱ्या वाक्याला मलासुद्धा जरा गार वाटलं होतं.

शाळेत आम्ही त्यांना सर म्हणायचो, गाव त्यांना मास्तर म्हणायचं, आणि त्यांच्या पाठीमागे सगळेच ‘पलटी मास्तर’ म्हणायचे. शिकवायचे इतिहास, पण इतिहासातल्या कुठल्याच माणसाला त्यांनी एका बाजूला स्वस्थ उभं राहू दिलं नाही. वर्गात दोन पोरांची मारामारी झाली तर छडी नसायची. ज्याने त्याने दुसऱ्याची बाजू मांडायची. आठवीत माझी आणि दिन्याची कंपासपेटीवरून जुंपली. पेटी माझी होती, फोडली दिन्याने. मी दिन्याची बाजू अशी काही मांडली की वर्गाला भरून आलं आणि दिन्याला नवी पेटी मी घेऊन द्यावी असं ठरलं. माझ्या वक्तृत्वाचा मला झालेला हा पहिला फायदा.

महिन्यातून एका शनिवारी वादविवाद असायचा. सर आधी विचारायचे, ‘तुझं स्वतःचं मत काय?’ ते सांगितलं की लगेच त्याच्या विरुद्ध बाजू गळ्यात पडायची. जिंकणाऱ्याला एक नारळ. तो मुलाने हातात धरून, बाजारातून मिरवत घरी न्यायचा अशी अट होती. बहुतेक वेळा तो मीच नेला. लोकांना वाटायचं, पोरगा हुशार आहे. खरी गोष्ट अशी होती की मला कुठल्याच विषयावर काही मतच नव्हतं, त्यामुळे या बाजूवरून त्या बाजूला जाताना वाटेत काही आडवं येत नसे.

दिन्याचं उलट होतं. त्याची मतं पक्की. विरोधात बोलायला उभा राहिला की दोन वाक्यं कशीबशी बोलायचा, तिसऱ्याला छताकडे बघायचा. सर म्हणायचे, ‘बस्स? दिनेश, बस खाली. नारळ ह्याचाच.’ दिन्याच्या बापाची नारळाची मोठी वाडी होती. टेम्पो भरून नारळ पालीला जायचे. पण शाळेतला नारळ त्या घरात कधी गेला नाही. दिन्याची आई मला वाटेत गाठून विचारायची, ‘परत तूच आनलास का रं?’ आणि माझ्या हातातल्या त्या सामान्य नारळाकडे अशी बघायची की मला तो लपवावासा वाटे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तर सुधारतील असा गावाचा अंदाज होता. उलट त्यांना आता अख्खं गाव मोकळं मिळालं. हिरामावशीकडून मासळी घेताना तर त्यांनी कमालच केली होती. मावशी धक्क्याच्या टोकाला पाटी घेऊन बसायची. मास्तर तिच्या जागी फतकल मारून बसत आणि तिला समोर उभी करत. मग मास्तर ओरडत, ‘ताजी मांदेली! आत्ता होडीतून उतरलीय, डोळे बघा, डोळे!’ आणि मावशीने गिऱ्हाईक व्हायचं. मावशी हाडाची घासाघीस करणारी. एकदा गिऱ्हाईक झाली की तिच्या अंगात यायचं. ‘हे काय डोले? हे तं कालचे डोले!’ असं म्हणत ती आपल्याच मासळीचा भाव उतरवत उतरवत अशा ठिकाणी आणून ठेवायची की मास्तर खिशात हात घालून म्हणत, ‘दिली.’ आणि त्याच भावाने मासळी स्वतःच घेऊन जात.

एकदा मावशीने मला हाक मारली. ‘पोरा, तुज्या मास्तरला सांग. मना दुकानदारच ऱ्हाव दे. मना परवडत न्हाय.’

माझं ठरत आलेलं लग्न मोडलं तेही मास्तरांमुळेच. माणगावला मुलगी बघायला गेलो होतो. वडिलांनी वजन पडावं म्हणून मास्तरांना बरोबर घेतलं होतं. ते पडलं. कांदेपोहे झाल्यावर मुलीचे वडील म्हणाले, ‘मुलगा उत्तम आहे.’ मास्तर माझ्याकडे वळले. ‘चल, उलट बाजूने बोल. हिने तुझ्याशी लग्न का करू नये?’ मी गमतीने सुरुवात केली. पण समोर बसलेली मंडळी हसली, मान डोलवायला लागली, आणि श्रोते मिळाले की माझं काय होतं ते मला थांबवता येत नाही. मी मुद्दे मांडले, उदाहरणं दिली, शेवटी आवाज खाली आणून समारोप केला. मुलीला इतकं पटलं की तिने आतूनच नकार पाठवला. परतताना एसटीत मास्तर म्हणाले, ‘आज तू फार सुंदर बोललास.’ वडील खिडकीबाहेर बघत होते.

पुढे माझं लग्न झालं. त्या बघायच्या कार्यक्रमाला मास्तरांना कळवलं नव्हतं.

संध्याकाळी मास्तर धक्क्यावर सापडायचे. आमचा धक्का म्हणजे समुद्रात घुसलेली दगडी जीभ. टोकाला मोकळी जागा. तिथे हिरामावशी आणि तिच्या जावा दोऱ्यांवर बोंबील वाळवतात, पोरं सायकल शिकतात, पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात, आणि बाकीचा वेळ गाव तिथे येऊन काहीही करत नाही. टोकाशी होड्या बांधायचा एक लोखंडी खुंटा आहे, बुटका आणि जाडजूड. मास्तर त्यावर बसून डबा उघडत. बायको वारल्यापासून ते स्वतः रांधत. मासा, भात आणि डाळ, तिन्ही एकाच पातेल्यात. मांदेली असो की हलवा, त्या पातेल्यात गेल्यावर जातपात उरत नसे. जेवताना त्यांची नजर कायम समुद्रावर. मला वाटायचं, माणूस काय तत्त्वज्ञ आहे! मी तसं एकदा भाषणातही म्हटलं होतं.

तर याच टोकावर दिन्याने हॉटेल काढायचं ठरवलं.

दिन्या आता दिनेशशेठ झाला होता. ट्रक होते, गळ्यात जाड साखळी होती, आणि माणगावचा पैसेवाला मेव्हणा भागीदार होता. रेवसला बोटीतून उतरणारी मुंबईची मंडळी शनिवार-रविवारी आमच्याकडे येतात, फोटो काढतात आणि जेवायला दुसरीकडे जातात, हे त्याला सहन होत नव्हतं. त्याने नगरपरिषदेकडे टोकाची जागा भाड्याने मागितली. नकाशा आला. दोन मजले, सगळीकडे काच, वर गच्ची. गावाचे दोन तुकडे झाले. मी ताबडतोब ‘धक्का बचाव समिती’ स्थापन केली आणि दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायच्या आत तिचा सचिव झालो. गावातल्या प्रत्येक हळदीकुंकवापासून क्रिकेटच्या बक्षीस समारंभापर्यंत माइक माझ्याच हातात असतो. एवढा मोठा वाद माझ्या माइकशिवाय व्हावा, हे मला कसं चालेल?

पहिली सभा नगरपरिषदेच्या सभागृहात झाली आणि खुर्च्या उचलण्यावर संपली. नगराध्यक्षबाईंनी दोन्ही बाजूंना बोलावून सांगितलं, ‘दुसरी सभा धक्क्यावरच घेऊ, उघड्यावर. तिथे लोक हात वर करून जे ठरवतील ते मी सर्वांसमोर मान्य करीन. पण अध्यक्ष असा आणा की जो कोणाच्याच बाजूचा नाही.’

असा माणूस गावात एकच होता. चाळीसेक वर्षांत मास्तरांचं स्वतःचं मत काय, याचा कुणालाच पत्ता लागला नव्हता.

मास्तर तयार झाले. म्हणाले, ‘पद्धत माझी.’ दिन्याने आणि मी एकमेकांकडे बघितलं. आठवीनंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच वेळी म्हणालो, ‘हो, सर.’

सभेला धक्का भरून गेला. मावशीने बोंबलांच्या दोऱ्या उतरवल्या नव्हत्याच, त्यामुळे पुढची रांग बोंबलांखाली बसली. मास्तर खुंट्यावर. पायाशी नारळ. तो दिसताच मला तो हवा झाला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे मला कळत होतं.

मास्तरांनी नियम सांगितला. ज्यांना हॉटेल हवं त्यांनी हॉटेलच्या विरोधात बोलायचं, ज्यांना नको त्यांनी बाजूने. ‘आणि मुद्दाम वाईट बोललात तर मला कळतं,’ ते म्हणाले. ‘मी आयुष्यभर मुद्दाम वाईट बोललेलं ऐकलंय.’

समितीने मला बाजूला घेऊन बजावलं होतं, ‘तू फक्त उभा राहा, दोन शब्द बोल, खाली बस. तुला देवाची शपथ आहे.’ मी शपथ घेतली होती. मनापासून घेतली होती. पण माइक हातात आला.

मी म्हणालो, या धक्क्यावर आपल्या आया-बहिणी पिढ्यान् पिढ्या बसतात. त्यांच्यासाठी इथे एक संडास तरी आहे का? बायकांमध्ये कुजबुज झाली. मी म्हणालो, आपली पोरं कामासाठी पनवेलला जातात, तिकडेच खोली घेतात, गणपतीला पाहुण्यासारखी येतात. इथे कामं असती तर? आता म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मग मी पंख्याखाली बसून भरती बघत चहा पिणाऱ्या आजोबांचं असं चित्र उभं केलं की आमच्या समितीचे खजिनदार डोळे पुसायला लागले. टाळ्या पडल्या. सर्वांत मोठी टाळी आमच्या सौभाग्यवतींची होती. ती संडासाच्या मुद्द्यापासूनच वाजत होती.

मी खाली बसलो तेव्हा हिरामावशी माझ्या कानाशी आली. ‘पोरा, तू माजी जागा इकलीस रं.’ तिचा आवाज चढलेला नव्हता. हातातली बोंबलाची दोरी तिने घट्ट धरून ठेवली होती. मी समितीकडे बघितलं. समिती समुद्राकडे बघत होती.

मग दिन्या उठला. मागे त्याचा मेव्हणा पायावर पाय टाकून खुशीत बसला होता. त्याचं काम मीच करून दिलं होतं. दिन्याने साखळी सारखी केली. ‘हाटेल नको. धक्का आपला हाय, मोकला ऱ्हावा.’ आणि तो वर बघायला लागला. छत नव्हतं, म्हणून आकाशाकडे.

‘बस्स?’ मास्तर म्हणाले. त्यांनी वाकून नारळ उचलला. ‘दिनेश, बस खाली. नारळ ह्याचाच.’

ते शब्द शेठला लागले नाहीत. ते आठवीतल्या दिन्याला लागले. त्याचे कान लाल झालेले मी स्वतः पाहिले.

‘थांबा, सर!’ तो म्हणाला. ‘झालं न्हाय माजं.’

आणि दिन्या बोलायला लागला. त्याने नकाशाच हातात घेतला. ‘ही बगा टाकी. किचनचं घान पानी हिच्यात जानार. कागदावर. खरी टाकी खोदाय गेलं तं खाली दगूड हाय, मी बगून आलोय. मग पानी कुठं जानार? त्याच पान्यात, जिथं आपली होडी हाय!’

मेव्हण्याने पाय खाली घेतला.

‘गाड्या कुठं उभ्या ऱ्हानार? पोरं सायकल शिकतात तिथं. आनि पावसात होड्या वर ओढाल तं कुठं ठेवाल? माज्या गच्चीवर?’ लोक हसले. हसू ऐकून त्याला जोर चढला. अरे, हा तर माझाच रोग! मी खुर्चीत पुढे सरकलो.

‘भावजी, पुरे झालं,’ मागून मेव्हणा म्हणाला.

‘मुद्दा चाललाय, मधी बोलू नको!’ दिन्या ओरडला. मग तो मावशीकडे वळला आणि त्याचा आवाज उतरला. ‘मावशे, मी तुना काय बोललो व्हतो? तुजे बोंबील ऱ्हातील, हाटेल बाजूला ऱ्हाईल. बोललो व्हतो ना? पन पैलं गिऱ्हाईक येनार, नाकाला रुमाल लावनार आनि बोलनार, शेठ, वास येतो. मग मी काय करीन? एक दिस दोरी जरा मागं घे बोलीन. मग अजून मागं. मग मावशी कोन, वलखत न्हाय. आज बोलतो असं करनार न्हाय. पन करीन. मी मना वलखतो!’

धक्क्यावर फक्त लाटांचा आवाज. माझ्या टाळ्यांपेक्षा ही शांतता मोठी होती, हे मला कबूल करावं लागलं आणि फार वाईट वाटलं.

मास्तरांनी हात वर करायला सांगितले. हॉटेल नको म्हणणाऱ्या हातांचं जंगल उभं राहिलं. त्यात सर्वांत उंच हात दिन्याचा होता, साखळीसकट. नगराध्यक्षबाईंनी तिथेच सांगितलं, जागा देणार नाही. मास्तर उठले, नारळ दिन्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, ‘मिरवत ने.’

दिन्याने नारळ डोक्यावर धरला. लोकांनी त्याला उचललं. तो नाचला, मावशी नाचली, वरून बोंबील हलले. मेव्हणा गाडी काढून केव्हाच गेला होता. वरात बाजारातल्या पोस्टापाशी पोचली तेव्हा दिन्या एकाएकी थांबला, नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘आयला,’ तो म्हणाला. ‘माजं हाटेल!’

नारळ मात्र त्याने खाली ठेवला नाही. तसाच घरी गेला. त्याची म्हातारी आई ओट्यावर बसली होती. तिने नारळ दोन्ही हातांत घेतला आणि हॉटेलचं काय झालं ते विचारलंच नाही.

आता माझं. माझी समिती जिंकली होती. धक्का वाचला होता. आणि मी तोंड पाडून धक्क्यावर परत आलो. मास्तर खुंट्यावर एकटेच डबा उघडत होते.

‘सर, माझे मुद्दे जास्त चांगले होते,’ मी म्हणालो. धक्का वाचला या आनंदात कुठला सचिव असं बोलेल?

‘होते,’ मास्तर म्हणाले. ‘मला पटले. मी हॉटेलच्या बाजूने हात वर केला.’

मी खालीच बसलो. बाजूने थोडेच हात होते. एक आमच्या घरचा होता, तो मी ओळखला होता. अध्यक्षांकडे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

‘तुम्हाला हॉटेल हवं होतं?’

त्यांनी डबा माझ्यापुढे केला. इतकी वर्षं मी त्यांना जेवताना पाहत होतो, डब्यात कधी डोकावलो नव्हतो. राखाडी रंगाचं काहीतरी होतं. एका बाजूला काटा वर आला होता. मी समुद्राकडे बघितलं. आणि मास्तर समुद्राकडे का बघत जेवतात हे माझ्या डोक्यात लख्ख शिरलं. तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं.

‘नकाशा आला तेव्हापासून मी मनात टेबलसुद्धा ठरवलं होतं,’ ते म्हणाले. ‘कोपऱ्यातलं. गरम भात, दुसऱ्याच्या हातचं कालवण, आणि समोर हे.’

‘मग अध्यक्ष कशाला झालात? सभेत बोलायचं ना, सर!’

‘गाढवा,’ मास्तर म्हणाले, ‘बोललो असतो तर मला विरोधात बोलावं लागलं असतं. आणि मी जिंकलो असतो.’

हे मी दिन्याला सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हा माझा गुण इथे उपयोगी पडला. मेव्हण्याशिवाय दिन्याने लहानसं हॉटेल काढलं, एसटी स्टँडच्या मागे. समोर भिंत. ती त्याने निळी रंगवून घेतली आहे आणि वर दोन होड्या काढल्या आहेत. गल्ल्यावर तो नारळ. न फोडल्यामुळे सुकून त्याचा गोटा झालाय, हलवला की आत खुळखुळतो. गिऱ्हाईकांना तो सभेची गोष्ट सांगतो आणि पुरावा म्हणून नारळ वाजवतो. त्या गोष्टीत माझं भाषण दर वर्षी लहान होत चाललंय. सध्या मी उभा राहतो आणि खाली बसतो.

हॉटेल सुरू झाल्यावर एका संध्याकाळी दिन्या झाकलेलं ताट घेऊन धक्क्यावर आला. साखळी, इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर फडका. मावशीने न सांगता दोरी थोडी सरकवली आणि मास्तरांपुढे मासळीची रिकामी पाटी उपडी घातली. तिच्यावर ताट. भात वाफाळत होता, कालवण लाल होतं, आणि बाजूला तळलेले ओले बोंबील. मास्तरांनी डबा बंद केला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी समुद्राकडे न बघता जेवायला सुरुवात केली.

मी अर्थातच पुढे झालो. सचिव होतो ना! म्हटलं, ‘दिन्या, धक्क्यावर हॉटेल नको असं ठरलंय. ही तर सुरुवात झाली. आज एक ताट, उद्या टेबल—’

मास्तरांनी घास गिळला. ‘बरोबर आहे तुझं,’ ते म्हणाले. ‘आता उलट बाजूने बोल.’

मी ताटाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि बोललो. तीनच वाक्यं. माइक नव्हता, श्रोते तीन, टाळी कुणी वाजवली नाही. मास्तरांनी ताटातला एक बोंबील उचलला आणि माझ्यापुढे धरला.

‘सर, तो गिऱ्हाईकाचा हाय,’ दिन्या कुरकुरला. ‘बाहेरच्याला देता येत न्हाय.’

‘बक्षीस आहे,’ मास्तर म्हणाले.

बोंबील तिथल्या तिथे खाण्यासारखा होता. पण अट मला पाठ होती. मी तो शेपटीला धरून, सगळ्यांना दिसेल असा, बाजारातून मिरवत घरी नेला.